फावडं घेऊन बागेत: माझा अनुभव

द्राक्षबागेचा जोम उतरला की आपण खत वाढवतो. मीही तीन वर्षं तेच केलं. माती परीक्षणात स्फुरद (फॉस्फरस) भरपूर, पालाश (पोटॅश) भरपूर, तरी वेलीची काडी बारीक आणि पांढरी मुळी शोधून काढावी लागायची. शेवटी वैतागून फावडं घेतलं आणि खड्डे काढायला बसलो.

फूटभर लांब, फूटभर रुंद, फूटभर खोल. वाफसा असताना, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी अशी असताना, सकाळच्या गारव्यात. माती ताडपत्रीवर ओतायची, ढेकळं हातानं फोडायची आणि गांडुळं मोजायची. पहिला खड्डा सहज म्हणून बांधावरच्या गवतात काढला. चौदा निघाली. वेलीखाली बोदावर, म्हणजे ओळीतल्या मातीच्या उंचवट्यावर, एक. ट्रॅक्टरचं चाक जातं त्या पट्ट्यात एकही नाही; तिथे तर सहा इंचांवर फावडंच अडलं. ढेकूळ फुटलं ते चपट्या पापुद्र्यांत, आणि मुळ्या त्या थरावर येऊन आडव्या वळलेल्या.

माती एकच, पाऊस एकच. म्हणजे गडबड माझ्या हातांची होती.

मग वाचायला लागलो, विचारायला लागलो. द्राक्षाच्या मुळांवर केशमुळं तशी कमीच. स्फुरद, जस्त आणून देण्याचं बरंचसं काम मायकोरायझा बुरशी करते आणि बदल्यात वेलीकडून साखर घेते. तिचे तंतू केसाहून बारीक. माती घुसळणारा रोटाव्हेटर फिरला की जाळं तुटतं. वर स्फुरदाचा मारा केला की वेल बुरशीला पोसणंच कमी करते. मी तर दोन वर्षं पाकिटातली मायकोरायझा ठिबकमधून सोडत होतो आणि पंधरा दिवसांनी बोदाच्या कडेनं रोटाव्हेटर घालत होतो! हिशेब आठवला की अजून हसू येतं.

सुरुवात उत्साहात आणि चुकीची झाली. सगळ्या ओळींत एकदम गवत पेरलं, छाटणीच्या काड्यांचा चुरा करून बोदात मिसळला. महिनाभरात पानं पिवळी. लाकडात कर्ब फार, नत्र अगदी थोडा. चुरा कुजवणारे जिवाणू लागणारा नत्र मातीतूनच उचलतात, वेलीला मागे काय उरणार? भर म्हणून गवतही पाणी प्यायलं. वडील बांधावरून म्हणाले, "गांडुळं पाळतोयस का द्राक्षं?" उत्तर नव्हतं.

पुढच्या वर्षी एकाआड एक ओळ घेतली. गवताबरोबर द्विदल पेरलं, फुलोऱ्यात आल्यावर नांगरलं नाही, आडवं करून तिथेच आच्छादन म्हणून ठेवलं. काड्यांचा चुरा फक्त वर पसरला. बोदावरचं तणनाशक बंद केलं, तण कापत राहिलो. मजुरी वाढली, हे लपवत नाही.

एक प्रयोग मात्र कुणीही करावा असा. जुन्या सुती बनियनचे दोन तुकडे, एक आच्छादनाच्या ओळीत, एक उघड्या ओळीत, वीतभर खोल पुरले. दोन महिन्यांनी उकरले. आच्छादनातल्या तुकड्याची नुसती जाळी झाली होती. शिलाईचा दोरा तेवढा शाबूत, कारण तो पॉलिस्टरचा. उघड्या ओळीतला धुऊन पुन्हा वापरता आला असता.

तांब्याचं दुखणं वेगळं. बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद आणि चुना, 1885 पासून डाऊनी या पानांवरच्या रोगावर वापरात आहे आणि सेंद्रिय बागेतही चालतं, त्यामुळे मला ते सोवळं वाटायचं. पण तांबं कुजत नाही, विरत नाही. जिथे सगळ्यात जास्त जीव असतात त्या वरच्या थरात साठत जातं आणि जास्त झालं की गांडुळं तिथून काढता पाय घेतात. युरोपीय संघानं हेक्टरी सात वर्षांत 28 किलो तांब्याची मर्यादा घातली आहे, ती उगाच नाही. मी आता किती किलो तांबं गेलं ते वहीत लिहितो, आणि पानं कोरडी राहावीत म्हणून विरळणी वेळेवर करतो. फवारण्या कमी झाल्या, थांबलेल्या नाहीत.

तिसऱ्या वर्षी पुन्हा तेच खड्डे. आच्छादनाच्या ओळीत नऊ, बोदावर सहा. चाकाच्या पट्ट्यात अजूनही शून्य. ओली माती चाकाखाली सगळ्यात जास्त दबते, म्हणून ओल असताना ट्रॅक्टर आत न्यायचा नाही असं ठरवलंय. पण फवारणी ट्रॅक्टरनंच, आणि डाऊनी नेमका ओलीतच येतो.