पार्सरवर आलेला आळ

सर्व्हर कोसळला की आमचं टूल एक रिपोर्ट बनवतं: कुठल्या लायब्ररीत, कुठल्या फंक्शनमध्ये जीव गेला. बिल्ड मशीन नव्या लिनक्सवर नेल्यानंतर या रिपोर्टांमध्ये एक्सएमएल पार्सरच्या (एक्सएमएल मजकूर वाचून उलगडणाऱ्या कोडच्या) एकाच फंक्शनचं नाव सारखं यायला लागलं. ज्याने पार्सर लिहिला होता, तो बिचारा ओळन् ओळ वाचून थकला. शेवटी माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, "अरे, हे फंक्शन फक्त कॉमेंट वगळतं. त्या सर्व्हिसला येणाऱ्या एक्सएमएलमध्ये कॉमेंटच नसतात. तुझं टूल बघ जरा."

टूल माझं नव्हतं, वारशात मिळालेलं होतं. पण त्याचं म्हणणं खोडून काढण्यासारखंही नव्हतं. सुदैवाने एका क्रॅशची कोअर फाइल, म्हणजे कोसळताना जतन झालेली मेमरीची प्रत, शिल्लक होती. ती जीडीबी या डीबगरमध्ये उघडली, तर त्याने सांगितलं कनेक्शन पूल बंद करणारं फंक्शन. लायब्ररी तीच, कारण आमच्या त्या एका सामायिक लायब्ररीत पार्सर, लॉगिंग, पूल असं सगळंच कोंबलेलं आहे. फंक्शन मात्र भलतंच.

टूल आणि जीडीबी या दोघांनी काढलेले, लायब्ररीच्या आरंभापासूनचे पत्ते शेजारी लिहून वजाबाकी केली. फरक १६,३८४ बाइटांचा. दुसरा क्रॅश घेतला, पुन्हा तेवढाच. वेगळ्या लायब्ररीतला घेतला, तर २८,६७२. दोन्ही आकड्यांना ४,०९६ ने पूर्ण भाग जातो, आणि ४,०९६ म्हणजे मेमरीचं एक पान. चूक इतकी नेटकी असेल तर ती मेमरी बिघडल्याची नसते, कुणीतरी मोजणी चुकीच्या जागेपासून सुरू केलेली असते. गल्लीतलं सातवं घर सांगायचं, पण कोपऱ्याऐवजी पिठाच्या गिरणीपासून मोजायचं, असा प्रकार.

कोड उघडल्यावर ती गिरणी सापडली. टूल प्रोसेसची मॅप्स फाइल (मेमरीत कुठे काय मांडलंय याची यादी) वाचायचं, लायब्ररीच्या नावाची 'वाचा आणि चालवा' परवानगीची ओळ शोधायचं आणि तिचा पत्ता हाच लायब्ररीचा आरंभ मानायचं. कित्येक वर्षं हे बरोबरच होतं. जुना लिंकर (कोडचे तुकडे जोडून लायब्ररी बनवणारा प्रोग्राम) हेडर म्हणजे फाइलच्या तोंडाची माहिती, स्थिर डेटा आणि कोड एकाच तुकड्यात ठेवायचा आणि तो सबंध तुकडाच चालवण्याजोगा असायचा. २०१८ च्या बिनयुटिल्स (हा लिंकर ज्यात येतो तो संच) २.३१ पासून इंटेल-एएमडीच्या लिनक्सवर कोड वेगळ्या पानांवर ठेवणं हे लिंकरचं नेहमीचं वागणं झालं. कारण सुरक्षेचं: हेडरमधले आणि डेटामधले बाइट चालवण्याजोगे राहिले, तर हल्लेखोर त्यांतूनही आपल्या उपयोगाचे तुकडे वेचतो. त्यामुळे आता लायब्ररीच्या तोंडाशी फक्त वाचण्याजोगा तुकडा येतो, कोड त्याच्या मागे. आमच्या टूलच्या दृष्टीने ती पहिली पानं अस्तित्वातच नव्हती.

याचा वाईट भाग असा की उत्तर पटण्यासारखं असायचं. पत्ता थोडा अलीकडे सरकायचा, म्हणून नाव त्याच लायब्ररीतलं, खरंखुरं फंक्शन यायचं. कोडच्या अगदी सुरुवातीला क्रॅश झाला असेल तर पत्ता कोडच्याही आधी पडायचा आणि नावाजागी प्रश्नचिन्हं यायची. असे रिपोर्ट आम्ही 'स्टॅक खराब झाला' म्हणून बंद करत होतो. ते गठ्ठ्याने बंद केले गेलेत, हे त्या दिवशी कळलं.

टीममधल्या एका मुलाने लगेच उपाय सुचवला: मॅप्सच्या त्या ओळीतच फाइलमधलं ऑफसेट, म्हणजे तो तुकडा फाइलच्या सुरुवातीपासून किती आत आहे ते, दिलेलं असतं, ते पत्त्यातून वजा करा. केलं. सगळं जुळलं, एका छोट्या प्लगिनखेरीज. तिथे अजूनही बरोबर एका पानाचा फरक. मॅप्समध्ये पाहिलं तर त्या प्लगिनच्या दोन ओळींवर ऑफसेट शून्य! एक फक्त वाचण्याची, दुसरी चालवण्याची.

हे प्लगिन क्लँग कंपायलर वापरणाऱ्या टीमकडून आलेलं, एलएलडी या वेगळ्या लिंकरने लिंक केलेलं. एलएलडी फाइलमध्ये पानभर रिकामी जागा सोडत नाही. हेडर आणि कोड फाइलच्या एकाच पानात बसत असतील तर बसू देतो, पण मेमरीत कोडला पुढचं पान देतो. मग लोडर (लायब्ररी मेमरीत चढवणारा) फाइलचं तेच पहिलं पान दोन ठिकाणी, दोन परवानग्यांनी मांडतो. इथे ऑफसेट वजा करून काय होणार? शून्य वजा केलं तरी पत्ता तोच.

लायब्ररीचा आरंभ कुठे ते लोडरलाच विचारावं, तर त्यासाठीचं फंक्शन लॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) घेतं. क्रॅश हँडलरमध्ये, म्हणजे कोसळताना चालणाऱ्या कोडमध्ये, लॉकच्या वाटेला जायचं नाही, हे आमच्याकडे ठरलेलं आहे. लॉक आधीच कुणी धरलेला असेल तर मेलेला प्रोग्राम मरायचाही थांबतो. म्हणून हँडलरला हात लावला नाही. त्याने मॅप्सची नक्कल ठेवावी, बस्स. हिशोब नंतर, रिपोर्ट बनवताना: लायब्ररीची एल्फ फाइल (लिनक्सवर लायब्ररी ज्या रूपात असते ती) उघडायची, प्रोग्राम हेडरमधून (तिच्यातल्या तुकड्यांच्या यादीतून) ऑफसेट आणि परवानगी दोन्ही जुळणारा तुकडा शोधायचा आणि त्याला नेमून दिलेला मेमरीतला पत्ता, पानाच्या सुरुवातीपर्यंत खाली आणून, वजा करायचा. परवानगी जुळवली नाही तर प्लगिन पुन्हा फसवणार. चाचणीसाठी एकच छोटी लायब्ररी जुन्या मांडणीने, नव्या मांडणीने आणि एलएलडीने लिंक करून ठेवली.

जाता जाता बिल्ड-आयडीची (प्रत्येक बिल्डच्या ओळख-क्रमांकाची) तपासणीही घातली. डिस्कवरची लायब्ररी अपडेटमध्ये बदलली असेल तर टूल आता नाव ठोकून देत नाही.

संध्याकाळी साठवलेले जुने रिपोर्ट पुन्हा चालवले. पार्सरचं नाव जवळपास सगळीकडून गेलं, आणि 'स्टॅक खराब' म्हणून मिटवलेली बरीच तिकिटं लॉगिंगच्या सुरुवातीच्या कोडवर येऊन थांबली. लॉगिंग मी लिहिलेलं नाही, पण सध्या ते माझ्याकडेच आहे. पार्सरवाल्याने तेवढं वाचलं आणि मला न विचारता तिकिटं माझ्या नावावर लावून घरी गेला.

दुसऱ्या दिवशी सपोर्टच्या ताईंचा फोन आला. "काल काय केलंत? आधी निदान नाव तरी यायचं, आता काही रिपोर्टांत 'फाइल जुळत नाही' एवढंच येतं." जुन्या लायब्ररींच्या प्रती जपून ठेवायला किती जागा लागेल, ते आता आम्ही मोजतोय.