ट्युबिंगेनमधलं एक सेमिस्टर: कागद, रविवार आणि अंधाराची सवय

जर्मनीत एक्स्चेंजला जाणाऱ्याने पहिला महिना अभ्यासाचा धरूच नये, तो संसार मांडण्याचा धरावा, असं माझं स्पष्ट मत आहे. मी पुण्याहून हिवाळी सेमिस्टरसाठी ट्युबिंगेनला होते. श्टुटगार्टच्या दक्षिणेला नेकार नदीकाठचं हे गाव. वस्ती नव्वद हजारांच्या आसपास, त्यात विद्यार्थीच अठ्ठावीस हजारांच्या घरात. विद्यापीठ १४७७ सालचं. कागदोपत्री सेमिस्टर १ ऑक्टोबर ते ३१ मार्च, पण तास मात्र ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतच. परतीचं तिकीट काढायच्या आधी हे नीट पाहा. सेमिनारचा लेखी निबंध बऱ्याचदा मार्चअखेर द्यायचा असतो आणि तो ग्रंथालयात बसून लिहिणं पुण्यात परतून लिहिण्यापेक्षा खूप सोपं जातं.

आधी पैशांचं. बाडेन-वुर्टेनबर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो फी आहे, पण विद्यापीठांच्या करारातून जाणाऱ्या एक्स्चेंजवाल्यांना ती माफ असते. सेमिस्टर-वर्गणी तेवढी भरावी लागते. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंट लागतं, म्हणजे आधी पैसे भरून ठेवायचे आणि दरमहा ठरावीकच काढता येणारं खातं. मी हे लिहिताना त्याचा हिशोब महिन्याला ९९२ युरो, म्हणजे वर्षाला ११,९०४ असा आहे. जितके महिने राहणार तितक्यांचे पैसे दाखवायचे, आणि शिष्यवृत्तीचं पत्र असेल तर ते त्यातून वजा होतं. विद्यार्थ्यांचा सरकारी आरोग्य विमा महिन्याला दीडशे युरोंच्या आसपास जातो. हा आकडा घरी आधीच सांगून ठेवा, नाहीतर पहिल्या फोनवर आईबाबा दचकतात.

तिथे पोचल्यावर कामं ठरलेल्या क्रमानेच होतात. खोली ताब्यात आली की घरमालकाकडून किंवा वसतिगृहाच्या कार्यालयातून राहत असल्याचा सही केलेला कागद घ्यायचा. तो घेऊन दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेत पत्त्याची नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग. ती झाली की बँकखातं, आणि खातं झालं की ब्लॉक्ड अकाउंटमधले पैसे महिन्याच्या हप्त्याने सुटायला लागतात. एक दुवा लांबला की पुढचं सगळं लांबतं, आणि ऑक्टोबरमध्ये अख्खं गाव याच रांगेत असतं. म्हणून नोंदणीची वेळ भारतातूनच ऑनलाइन घेऊन ठेवा आणि पहिल्या महिन्याचा खर्च फॉरेक्स कार्डावर वेगळा ठेवा. आनमेल्डुंगनंतर थोड्याच दिवसांत रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र येतं, घरामागे महिन्याला १८.३६ युरो. घरात टीव्ही नाही हे उत्तर चालत नाही. चारजण एकाच फ्लॅटमध्ये असाल तर एकानेच भरायचं आणि बाकीच्यांनी त्याचा वर्गणी-क्रमांक कळवायचा.

आता रविवार. दुकानं बंद म्हणजे खरोखर बंद: लिडल, आल्डी, रेवे, कोपऱ्यावरचं तुर्की दुकान, सगळं. बेकऱ्या काही तास उघडतात, स्टेशनावर आणि पेट्रोल पंपावर महागडं काहीबाही मिळतं. म्हणजे बाजारहाटाचा आठवडा शनिवारी संध्याकाळी संपतो, आणि शनिवारी संध्याकाळी दुकानात दादरच्या फूल बाजारासारखी गर्दी असते. शुक्रवारीच जा. ३ ऑक्टोबर, १ नोव्हेंबर आणि ६ जानेवारी या सुट्ट्याही कॅलेंडरवर खुणा करून ठेवा. नाताळात तर २४ डिसेंबरला दुपारपासून २६ ला रात्रीपर्यंत शुकशुकाट असतो. त्याला लागून रविवार आला तर डाळ-तांदळाचा साठा घरातच हवा.

रविवारी आवाजही करायचा नाही. ड्रिल, व्हॅक्यूम क्लीनर, काचेच्या बाटल्या डब्यात टाकणं, सगळं वर्ज्य. बाटल्यांचंही एक शास्त्र आहे: पांढरी, हिरवी आणि तपकिरी काच वेगवेगळ्या डब्यांत. पाण्याच्या प्लॅस्टिक बाटल्या आणि कॅन मात्र टाकायचे नाहीत. त्यांवर प्रत्येकी २५ सेंट अनामत असते आणि दुकानातल्या यंत्रात घातल्या की चिठ्ठी मिळते. आमच्या मजल्यावर पार्टीनंतर बाटल्या कोण नेणार यावर गोड भांडणं होत. जुन्या गावात खासगी खोली घेतलीत तर जिना झाडण्याची पाळीही येईल. ती या श्वाबेन भागातली परंपरा आहे आणि शेजारच्या आजी तिच्याकडे बारीक लक्ष ठेवून असतात.

स्वयंपाक करता येत असेल तर अर्धी लढाई जिंकलीच. दूध-मांसाचे पदार्थ युरोपीय संघात बाहेरून आणायला बंदी आहे, त्यामुळे साजूक तूप, पेढे, चक्का बॅगेत घालू नका. तिथलं लोणी उत्तम असतं, पाव किलोच्या दोन वड्यांत बरणीभर तूप कढवून होतं. न्यायचं असेल तर गोडा मसाला, मेतकूट, हिंग, कोकम, आणि सपाट बुडाचा स्टीलचा छोटा कुकर. इंडक्शनवर ॲल्युमिनियम चालत नाही. कोथिंबीर, हिरव्या मिरच्या, मसूर डाळ आणि घट्ट दही तुर्की दुकानात मिळतं, पोहे आणि तूरडाळ एशियन दुकानात. फोडणी देताना मात्र खिडकी उघडी आणि स्वयंपाकघराचं दार बंद. धुराचा अलार्म वाजून अग्निशमन दल आलं तर बिल तुमच्या नावावर येऊ शकतं. एरवीही कडाक्याच्या थंडीत रोज पाच-दहा मिनिटं खिडक्या सताड उघडायच्या असतात, नाहीतर भिंतींना बुरशी धरते. विद्यापीठाच्या मेन्झात साडेतीन-चार युरोंच्या आसपास गरम जेवण मिळतं आणि शाकाहारी पदार्थ रोज असतो. चवीबद्दल न बोललेलं बरं, पण बटाटे चांगले असतात. बाहेर कॉफी घेताना स्वतःचा मग न्या. या गावाने २०२२ पासून एकदाच वापरायच्या कपावर ५० सेंट कर लावलाय.

तासांचं सांगायचं तर वेळापत्रकात वेळेपुढे ‘सी.टी.’ लिहिलेलं असेल तर दहाचा तास सव्वादहाला सुरू होतो. ‘एस.टी.’ असेल तर ठोक्याला. तास संपला की मुलं बाकावर बोटांनी टकटक करतात, ती दाद असते. सेमिनारमध्ये गप्प बसणारा हुशार समजला जात नाही, तिथे प्रश्न विचारावे लागतात, प्राध्यापकांना खोडूनही काढावं लागतं. पुण्यातल्या शिस्तीत वाढलेल्यांना हे जड जातं. कोर्सला नाव घातलं म्हणजे परीक्षेला नाव लागलं असं मुळीच नाही. पोर्टलवर परीक्षेची नोंदणी वेगळी असते आणि तिची मुदत चुकली की परीक्षा हुकते. गुण उलटे: १.० सर्वोत्तम, ४.० काठावर पास. भारतातून निघण्याआधी आपल्या इथल्या विभागाकडून गुणांच्या रूपांतराचं सूत्र लेखी घ्या. आणि पहिल्याच खेपेला ३० क्रेडिट्सचा हट्ट नको. एका ईसीटीएसमागे, म्हणजे एका युरोपीय क्रेडिटमागे, २५ ते ३० तासांचं काम धरलेलं असतं.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि घरच्यांशी असलेलं साडेतीन तासांचं अंतर साडेचारचं होतं. डिसेंबरात साडेचारला अंधार. तेव्हा खोलीत बसू नका. त्या महिन्याच्या सुरुवातीला जुन्या गावात चॉकलेटचा बाजार भरतो, तो चुकवू नका. किल्ल्यावर जा. तिथल्या जुन्या स्वयंपाकघरात प्रयोगशाळा होती आणि १८६९ मध्ये फ्रीड्रिश मीशरने पेशींतून न्यूक्लिइन, म्हणजे आज आपण ज्याला डीएनए म्हणतो ते, पहिल्यांदा वेगळं काढलं. संस्कृतवाल्यांना आणखी एक कारण: पीटर्सबर्ग संस्कृत कोशाच्या दोन कर्त्यांपैकी रूडोल्फ रोट याच विद्यापीठात शिकवत. नदीतल्या लांब काठीच्या नावा मात्र उन्हाळ्याची मजा आहे, हिवाळ्यात त्यांची वाट पाहू नका. फिरायला डॉइचलांडटिकीट, म्हणजे देशभर चालणारं मासिक तिकीट, घ्या, २०२६ पासून महिन्याला ६३ युरो. सत्तावीस वर्षांखालच्या विद्यार्थ्यांसाठी या राज्यात त्याचा स्वस्त प्रकार आहे. लोकल आणि प्रादेशिक गाड्यांत चालतं, आयसीईसारख्या लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्यांत नाही. ते दरमहा आपोआप चालू राहतं, म्हणून नको असेल त्याच्या आधीच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द करा.

निघताना पत्त्याची नोंदणी रद्द करायची, तीही जायच्या आठवडाभर आधीपासूनच करता येते, त्याहून आधी नाही. त्या कागदाची प्रत रेडिओ-वर्गणीवाल्यांना आणि विमा कंपनीला पाठवा, नाहीतर बिलं येत राहतात. खोली देताना भिंतींचे, ओव्हनचे आणि नळाचे फोटो काढून ठेवा. अनामत रक्कम परत यायला काही महिनेही लागू शकतात, तोवर तिथलं बँकखातं बंद करू नका.