क्लासकडं दिलेली माहिती परत मागताना

लेकीची बारावी संपली, राजारामपुरीतला क्लास सुटला, पण फोन काही सुटेनात. कुठल्या कुठल्या कॉलेजांचे, शैक्षणिक कर्जवाल्यांचे. तिचं नाव, शाखा, माझा नंबर सगळं पलीकडच्याला तोंडपाठ. एवढं सगळं एका जागी आम्ही फक्त क्लासच्या प्रवेश अर्जात लिहून दिलं होतं.

काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काकू, सिस्टिममध्ये गेलं की निघत नाही." मला ते पटेना. घरी येऊन 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा वाचायला बसले. संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागं घेता आली पाहिजे, असं त्यात स्पष्ट आहे. अर्ज कागदावरचा असला तरी पुढं कॉम्प्युटरवर चढवला की तो या कायद्यात येतो. आणि 18 वर्षांखालच्या मुलांच्या वतीनं हे हक्क पालकांचे. लेक सतराची, म्हणजे मागणारी मीच.

अडचण एकच. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, पण हक्कांची कलमं त्यानंतर 18 महिन्यांनी, म्हणजे मे 2027 पासून लागू होणार. वकिली करणारा भाचा म्हणाला, "मावशी, आत्ता दंडाची भीती घालता यायची नाही. पण लेखी मागायला कोण अडवतंय?"

अर्ज दोन प्रतींत केला, एकीवर शिक्का मारून पोच घेतली. आमची कोणती माहिती तुमच्याकडं आहे, ती कुणाकुणाला दिली ते कळवा, आणि ती पुसून टाका, एवढंच लिहिलं. संचालक सर नीट बोलले. आधारची झेरॉक्स परत मिळाली, जाहिरातीतला लेकीचा फोटो उतरवला. फीच्या पावत्या हिशेबासाठी ठेवाव्या लागतील म्हणाले, ते रास्तच आहे. दुसऱ्या कायद्यानं जपायला लावलेली माहिती हा कायदाही पुसायला सांगत नाही.

"कुणाला दिली" याचं उत्तर मात्र आलं नाही. माझ्या लेखी तोच सगळ्यात मोठा प्रश्न. इथली नोंद पुसली तरी बाहेर गेलेली यादी फिरतच राहते, आणि ती कुणाकडं आहे हे कळल्याशिवाय मागायचं कुणाकडं? तोवर जाहिरातीचे फोन बंद करायच्या 1909 या सेवेवर नंबर नोंदवला, फोन बरेच कमी झाले.

पोच जपून ठेवली आहे. मे 2027 नंतर तक्रारीला 90 दिवसांच्या आत उत्तर देणं बंधनकारक होईल, आणि तेही नाही मिळालं तर डेटा संरक्षण मंडळाकडं जाता येईल. लेक तेव्हा सज्ञान असेल. अर्ज तिच्या सहीनं जाईल.