टीव्हीवर न दिसलेली दहा मिनिटं

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिही म्हणून समितीतल्या मित्राचा फोन आला, तेव्हा 'काहीतरी' म्हणजे टीव्हीवरच्या क्विझमधल्या त्या शिल्डबद्दलच, हे त्यानं गृहीत धरलं होतं. शिल्ड अजून ऑफिसातल्या काचेच्या कपाटात आहे, खो-खोच्या कपामागे. तिच्यावर फक्त 'उपविजेते' एवढंच कोरलेलं आहे. त्या सामन्याची टीव्हीवर लागलेली फीत बऱ्याच जणांनी पाहिली होती, आणि 'धारवाडच्या मुलीनं आधी बझर दाबला म्हणून आपण हरलो' एवढंच सगळ्यांच्या लक्षात आहे. ते खोटं नाही. पण खरा सामना फितीत नाही, म्हणून लिहितो.

साल 1997. मी नववीत. टीव्हीवरच्या आंतरशालेय क्विझमध्ये आपली बेळगावची शाळा पहिल्यांदाच उतरली होती आणि दोन फेऱ्या जिंकून पुढे गेली होती. ते पुढे जाणंही नशिबाचंच होतं, त्यात फार शिरत नाही. जोडीदार माझ्याच बाकावरचा. तयारी विज्ञानाच्या सरांनी करून घेतली. बझर कुठून आणणार? सरांनी घरात लावायच्या दोन बेल विकत आणल्या, एक टिंगटाँग वाजणारी आणि एक चिमणीसारखी चिवचिवणारी. शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत रोज तासभर टिंगटाँग आणि चिवचिव. शिपाईमामा वैतागून म्हणायचे, "पोरं शिकतात काय दारावर येऊन बेल वाजवतात, कळंना झालंय."

अडचण वेगळीच होती. प्रश्न इंग्रजीत असायचे, उत्तर इंग्रजीत किंवा कन्नडात द्यायचं. आम्ही मराठी माध्यमाची. कन्नड येत होतं, पण ते बाजारापुरतं आणि बसमधल्या भांडणापुरतं. विज्ञान सगळं मराठीत शिकलेलं. सरांनी दोनशे पानी वहीत यादीच करून दिली: पारा म्हणजे मर्क्युरी, शिसे म्हणजे लेड, जस्त म्हणजे झिंक, कथील म्हणजे टिन. ही यादी मी पाठ केली होती, हे मुद्दाम सांगतो. पुढे जे झालं ते अभ्यास न केल्यामुळे झालं नाही.

बेळगाव ते बंगळूर पाचशे किलोमीटर, रात्रीची बस. मागच्या सीटवर सर, त्यांच्या मांडीवर आईनं दिलेला कुंद्याचा डबा. पहाटे तुमकूरच्या अलीकडे कुठेतरी डबा उघडला, तेव्हा त्यात निम्माच कुंदा उरला होता. सर म्हणाले, "हादऱ्यानं बसतो खाली."

स्टुडिओ म्हणजे दिव्यांची भट्टी. बाहेर थंडी आणि आत आम्ही घामाघूम. समोरच्या टेबलावर धारवाडच्या एका शाळेची जोडी होती, एक मुलगा आणि दोन वेण्या घातलेली एक मुलगी. खरी खेळत होती ती मुलगी.

थेट प्रश्नांच्या फेरीत त्यांना विचारलं, गांधीजी अध्यक्ष असलेलं काँग्रेसचं एकमेव अधिवेशन कुठे भरलं होतं? आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. 1924, बेळगाव! शहापुरातून सायकलनं शाळेत येताना आम्ही रोज त्या अधिवेशनासाठी खोदलेल्या काँग्रेस विहिरीवरून यायचो. आमचा प्रश्न त्यांच्या ताटात पडला होता. तिनं उत्तर तर दिलंच, वर सांगितलं की त्या अधिवेशनात लहानग्या गंगूबाई हानगलांनी स्वागतगीत म्हटलं होतं. ते विचारलं नव्हतं. आम्हाला तर माहीतही नव्हतं.

बझर फेरीआधी ते 65, आम्ही 60. सात प्रश्न, बरोबर उत्तराला 10, चुकलं तर 5 कापायचे. मलप्रभेचा उगम विचारला. जोडीदाराचं आजोळ खानापूर तालुक्यातलं, त्यानं 'कणकुंबी' असं ठोकून दिलं की सूत्रधार हसले. त्यानंच पुढे 'कर्नाटकातला धबधबा' एवढं ऐकून बझर दाबला आणि ओरडला, "गोकाक!" प्रश्न शरावतीवरच्या जोगचा निघाला. महिन्यापूर्वी शाळेची सहल गोकाकला गेली होती, दुसरं काय. असं करत करत सहा प्रश्न संपले तेव्हा फळ्यावर दोन्हीकडे 85.

सातवा प्रश्न. ब्राँझ म्हणजे तांबं आणि आणखी कोणता धातू?

मी दाबला. दिवा आमचा लागला. आणि मी स्पष्ट, खणखणीत आवाजात म्हणालो, "कथील."

सूत्रधार म्हणाले, "पार्डन?"

पाच सेकंद असतात. त्या पाच सेकंदांत माझ्या डोक्यात टिन हा शब्द कुठेच नव्हता. होता आमच्या गल्लीतला कल्हईवाला. दिवाळीच्या आधी तो यायचा, रस्त्याच्या कडेला खड्डा खणून त्यात कोळसे पेटवायचा, भाता लावायचा. आजी माळ्यावरची पितळेची पातेली काढून द्यायची. पातेलं तापलं की तो आत नवसागराची चिमूट टाकायचा. नाकाला झोंबणारा पांढरा धूर उठायचा. मग कथलाची कांडी तळाला नुसती टेकवायची, की ती लोण्यासारखी पाघळायची. लगेच कापसाच्या बोळ्यानं गरकन एक फिरवणी, आणि पिवळंजर्द पातेलं आतून चांदीचं. कल्हई नसली तर आमटी कळकते, म्हणून आजीची त्याच्याशी दरवर्षी घासाघीस. कथील 232 अंशांना वितळतं हे मला सरांनी शिकवलं. ते मी आधीच पाहिलेलं होतं. टिन म्हणजे मात्र आमच्या घरी रॉकेलचा डबा.

मी पुन्हा म्हणालो, "कथील, सर." जोडीदार टेबलाखालून माझी पँट ओढत होता. त्याला बोलायची परवानगी नव्हती, ज्यानं बझर दाबला त्यानंच उत्तर द्यायचं. घंटा झाली. 5 गुण गेले. प्रश्न पलीकडे गेला.

ती मुलगी उत्तर देईना. तिला येत होतं, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. ती उभी राहिली आणि सूत्रधारांना कन्नडात म्हणाली, "सर, अवरु हेळिद्दु सरि ऐत्रि." त्यांनी सांगितलं ते बरोबर आहे. मग सांगितलं की तिची आजी घरी मराठी बोलते आणि 'तवर'ला कथीलच म्हणते.

तवर! कन्नडात तवर. तेवढं जरी सुचलं असतं तरी चाललं असतं.

रेकॉर्डिंग थांबलं. काचेपलीकडची माणसं बाहेर आली. एक म्हणाला, नियम म्हणजे नियम, भाषा दोनच. दुसरा म्हणाला, अहो, पण समोरची टीमच बरोबर म्हणतेय. आपले सर प्रेक्षकांत उठून उभे राहिले होते, पण एक शब्द बोलले नाहीत. नंतर विचारलं तर म्हणाले, "ती पोरगी माझ्यापेक्षा चांगलं बोलत होती की." मी तेवढ्यात समोरचं ग्लासभर पाणी संपवलं. दहाएक मिनिटांनी निर्णय झाला: प्रश्न बाद, आमचे 5 परत, नवा प्रश्न.

तेव्हा मला राग आला होता. उत्तर बरोबर तर 10 द्या, चूक तर कापा, हे मधलंच काय? आज वाटतं, त्या माणसांच्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं. तरीही थोडा राग अजून आहे.

नवा प्रश्न सुरू झाला. 1954 मध्ये पहिली भारतरत्न तिघांना मिळाली, राजाजी, राधाकृष्णन आणि... दिवा तिकडे लागला. "सी. व्ही. रामन." 95 विरुद्ध 85. माझं बोट बझरवर होतं, पण मन अजून पातेल्यात.

बाहेर कँटीनमध्ये ती भेटली. मी अवघडून थँक्स म्हणालो. तिनं मराठीतच विचारलं, "तुमच्याकडं अजून येतो कल्हईवाला?" येतो म्हणालो. "आमच्याकडं बंद झाला," म्हणाली, आणि तिच्या सरांनी हाक मारली म्हणून गेली.

तीन आठवड्यांनी कार्यक्रम लागला. शेजाऱ्यांच्या कलर टीव्हीसमोर अख्खी गल्ली. 85–85 झालं, आणि पुढच्याच क्षणी राजाजी, राधाकृष्णन. कथील नाही, तवर नाही, तिचं उभं राहणं नाही, सगळं कापलेलं. फक्त नीट पाहिलं तर एका चित्रात माझ्यासमोरचा ग्लास भरलेला आहे आणि पुढच्यात रिकामा. जोडीदार आजही म्हणतो, दहा मिनिटं तू पिऊन टाकलीस.

शिल्ड शाळेत गेली. प्रायोजकांनी आम्हा दोघांना वेगळं बक्षीस दिलं होतं, स्टीलच्या डब्यांचा एकात एक बसणारा संच. आजीनं सगळे डबे बाहेर काढले, एकेक वाजवून पाहिला.

"स्टीलचं होय?" म्हणाली. "बरं झालं की. कल्हई लावायची भानगड नाही."