टीपीपीचा आकडा नेमका कुठे फुगतो

बुधवार

यीस्टची पेशी जेमतेम पाच मायक्रॉनची, त्यात बाहेरून चिवट भित्तिका. सूक्ष्म इलेक्ट्रोड खुपसून मेम्ब्रेन पोटेन्शियल, म्हणजे पेशीच्या पटलाच्या आत-बाहेरचा विद्युतदाबाचा फरक, मोजणं जवळपास अशक्यच. म्हणून टेट्राफिनाइलफॉस्फोनियम हा आयन, म्हणजे आपलं टीपीपी. प्रभार धन, पण चार फिनाइल वलयांमुळे ते मेदाच्या पटलातून पार होतं आणि पेशीत ऋण बाजूला साठतं. २५ अंशांना आत-बाहेर दहापट फरक म्हणजे ५९ मिलिव्होल्ट.

आकडे मांडून बघावेत. एका मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम कोरड्या वजनाइतक्या पेशी, आतलं पाणी साधारण २ मायक्रोलिटर. टीपीपी २ मायक्रोमोलर घातलं आणि बाहेर १ उरलं. मग १ नॅनोमोल आत गेलं, म्हणजे ५०० मायक्रोमोलर. गुणोत्तर ५००, उत्तर उणे १६० मिलिव्होल्ट. पाण्याचा अंदाज वीस टक्क्यांनी चुकला तरी फरक पडतो पाच-सहा मिलिव्होल्टचा. लॉगरिदम तेवढं सांभाळून घेतो.

मायटोकॉन्ड्रियाच्या बाबतीत मात्र तो सांभाळून घेत नाही. त्यांच्या आतल्या पटलावर आणखी १५० मिलिव्होल्ट धरले, तर तिथे टीपीपी सायटोसोलच्या (पेशीतल्या बाकीच्या द्रवाच्या) साडेतीनशे पटींच्या आसपास साठतं. पेशीचा फक्त १ टक्का भाग मायटोकॉन्ड्रियाचा धरला तरी सरासरी चौपटीच्या वर जाते आणि आकडा ३८ मिलिव्होल्टने फुगतो. पटलांवरचं पोटेन्शियल मोडणारं सीसीसीपी हे रसायन घालून यातून सुटका होत नाही, कारण ते प्लाझ्मा मेम्ब्रेनवरचं पोटेन्शियलही पाडतं. मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए आणि म्हणून श्वसनही नसलेला ऱ्हो-शून्य स्ट्रेन बरा, जरी त्याच्या मायटोकॉन्ड्रियातही थोडं पोटेन्शियल उरतंच.

दुसरी वजावट पेशीच्या घटकांना नुसत्याच चिकटलेल्या टीपीपीची. ब्युटेनॉलने मारलेल्या पेशींचा कंट्रोल हवाच. पण मेलेल्या पेशीत आतल्या चिकटायच्या जागाही उघड्या पडतात, त्यामुळे वजावट जास्त होऊ शकते. वरच्या उदाहरणात ०.६ नॅनोमोल चिकटलेलं निघालं, तर उत्तर उणे १३६ वर येतं.

बफर एमईएस, पीएच ६, आणि तो ट्रिसने जुळवायचा. पोटॅशियम हायड्रॉक्साइड वापरलं तर पोटॅशियममुळेच पोटेन्शियल घसरतं. टीपीपी कमीत कमी ठेवायचं, कारण जास्त झालं की ते स्वतःच पटलाचं ध्रुवीकरण उतरवतं. बाहेर उरलेलं टीपीपी मोजणारा इलेक्ट्रोड आधी पेशींशिवाय, त्याच बफरमध्ये कॅलिब्रेट करायचा. उतार दहापटीला ५९ मिलिव्होल्टच्या बराच खाली आला की त्याचा पीव्हीसीचा पडदा बदलायचा. पेशी घातल्यावर रीडिंग स्थिरावायला वेळ लागतो. वक्र अजून सरकत असताना घेतलेला आकडा समतोलाचा नसतोच.

म्हणून एकट्या मिलिव्होल्टच्या आकड्यावर आपला भरवसा नाही. त्याच बॅचमध्ये ५० मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइड घालून टीपीपी बाहेर येतं का ते बघावं. शेजारी ट्रक१-ट्रक२ ही पोटॅशियम आत घेणारी प्रथिनं नसलेला म्युटंट लावावा. तो जास्त ऋण दिसलाच पाहिजे. टीपीपीऐवजी डायएस-सी३(३) हा पोटेन्शियल दाखवणारा रंग वापरायचा असेल तर पीडीआर५ आणि एसएनक्यू२ हे दोन्ही पंप काढलेला स्ट्रेन घ्यावा, कारण ते रंग बाहेर फेकतात आणि पोटेन्शियल कमी असल्याचा भास होतो.