पासपोर्ट पाहून आकारली जाणारी फी

जर्मनीत उच्च शिक्षण फुकट मिळते, हे वाक्य महाराष्ट्रात इतक्या खात्रीने सांगितले जाते की त्याला कोणी पुरावा मागत नाही. मी स्टुटगार्टला राहत असल्यामुळे, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचे निकाल जवळ आले की नात्यातून, नात्याच्या नात्यातून आणि कधी कधी नुसत्या गाववाल्यांकडूनही फोन येऊ लागतात आणि बहुतेक फोन याच वाक्याने सुरू होतात. यंदा सख्ख्या भाच्याचाच फोन आला. "मामा, फुकट आहे म्हणतात, मग तुमच्याकडच्या युनिव्हर्सिटीच्या पानावर सेमिस्टरला दीड हजार युरो का लिहिलेत?" प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर फोनवर पुरे होईना, म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे.

जर्मनीत शिक्षण हा विषय केंद्राकडे नसून राज्यांकडे आहे, त्यामुळे फी घ्यायची की नाही हे प्रत्येक राज्य स्वतः ठरवते. जानेवारी २००५ मध्ये तेथील घटनात्मक न्यायालयाने फीवरची केंद्राची बंदी रद्द केली आणि पुढच्या दोनएक वर्षांत अनेक राज्यांनी आपल्या सर्वच विद्यार्थ्यांना, म्हणजे जर्मन मुलांनाही, सत्राला साधारण पाचशे युरो फी लावली. लोकांना ती अजिबात रुचली नाही. बव्हेरियात तर फी रद्द व्हावी म्हणून नागरिकांनी २०१३ मध्ये सह्यांची मोहीम यशस्वी केली, आणि २०१४ पर्यंत एकेक करून सगळ्या राज्यांनी ती मागे घेतली. 'जर्मनीत फुकट' ही ख्याती प्रामुख्याने त्यानंतरच्या काळातली आहे आणि आजही बहुतेक राज्यांतील सरकारी विद्यापीठांच्या बाबतीत ती खरी आहे. ठळक अपवाद आहे तो आमच्या राज्याचा, म्हणजे स्टुटगार्ट ज्यात आहे त्या बाडेन-व्युर्टेंबर्गचा.

बाडेन-व्युर्टेंबर्गने २०१२ मध्ये सर्वांची फी रद्द केली होती. पाचच वर्षांनी, २०१७ च्या हिवाळी सत्रापासून, त्याच मुख्यमंत्र्यांच्या कारकिर्दीत ती परत आली, मात्र या वेळी फक्त युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आणि तिप्पट होऊन: सत्राला १५०० युरो. स्टुटगार्ट, कार्ल्सरुहे, हायडेलबर्ग, फ्रायबुर्ग, ट्युबिंगन, मानहाइम, उल्म ही सगळी सरकारी विद्यापीठे या नियमात येतात. पीएचडी करणाऱ्यांना ती लागू नाही. जर्मनीतच शाळा शिकून आबिटुर, म्हणजे येथील बारावी, उत्तीर्ण झालेल्यांनाही लागू नाही, मग त्यांचा पासपोर्ट भारतीय असला तरी चालतो. मला या योजनेत सर्वांत जास्त खटकते ती पुढची गोष्ट. या १५०० युरोंपैकी विद्यापीठाकडे राहतात फक्त ३०० आणि उरलेले १२०० राज्याच्या तिजोरीत जातात. म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांवर होणाऱ्या खर्चासाठी फी, हे जे कारण पुढे केले गेले, त्याचा आणि पैशाच्या वाटेचा फारसा संबंध नाही. राज्याच्या अंदाजपत्रकातले भोक बुजवण्यासाठी मतदानाचा हक्क नसलेला गट निवडला गेला, एवढाच त्याचा सरळ अर्थ.

हे राज्य महाराष्ट्राला परके नाही. स्टुटगार्ट आणि मुंबई ही १९६८ पासून भगिनी शहरे आहेत. येथील बॉशचा कारखाना नाशिकमध्ये आणि मर्सिडीजचा चाकणमध्ये आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये तर महाराष्ट्र सरकारने याच राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. परिचारिका, इलेक्ट्रिशियन, वाहनचालक तुमच्याकडून हवेत, पण तुमची मुले शिकायला आली तर त्यांनी वेगळी फी भरावी, या दोन धोरणांची सांगड कशी घालायची हे मला अद्याप कोणी समजावून सांगितलेले नाही.

फी कोणाकडून घ्यायची हे पासपोर्टवर ठरते, आणि तो निकष किती विचित्र आहे हे पाहायला महाराष्ट्राबाहेर फार लांब जावे लागत नाही. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व घेता येते, आणि अनेक गोवेकरांनी ते घेतलेही आहे. समजा, सांगलीचा एक आणि मडगावचा एक असे दोन विद्यार्थी पुण्यातल्या एकाच कॉलेजात, एकाच बाकावर बसून मेकॅनिकल शिकले आणि दोघांनाही कार्ल्सरुहेला प्रवेश मिळाला. मडगावकराकडे पोर्तुगीज पासपोर्ट असेल तर त्याला फी नाही, व्हिसा नाही, आणि व्हिसासाठी बँकेत गोठवून ठेवावी लागणारी रक्कमही नाही. सांगलीकराला हे तिन्ही आहे. अर्थात मडगावकरानेही त्यासाठी किंमत मोजलेली असते, कारण भारतीय कायद्याला दुहेरी नागरिकत्व मान्य नसल्यामुळे त्याचा भारतीय पासपोर्ट गेलेला असतो.

युरोपात हा प्रकार एकट्या आमच्या राज्याने केला असेही नाही. डेन्मार्कने २००६ मध्ये, स्वीडनने २०११ मध्ये, फिनलंडने २०१७ मध्ये आणि शेवटी नॉर्वेने २०२३ मध्ये बाहेरच्या विद्यार्थ्यांना फी लावली. फ्रान्सने २०१९ मध्ये ती पदवीसाठी वर्षाला २७७० आणि मास्टर्ससाठी ३७७० युरो केली, पण तेथील कित्येक विद्यापीठांनी सवलतीच्या अधिकाराचा वापर करून ती पूर्ण वसूलच केली नाही. जर्मनीत पुढचे पाऊल म्युनिकच्या तंत्रविद्यापीठाने टाकले. बव्हेरियाच्या नव्या कायद्याने विद्यापीठांना तशी मुभा दिल्यावर २०२४ च्या हिवाळी सत्रापासून तेथे युरोपीय संघाबाहेरच्या नव्या विद्यार्थ्यांना पदवीसाठी सत्राला २००० ते ३००० आणि मास्टर्ससाठी ४००० ते ६००० युरो मोजावे लागतात. चार सत्रांचे मास्टर्स म्हणजे कमाल २४,००० युरो, आणि युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर चोवीस लाख रुपये. ही कमाल रक्कम आमच्या राज्याच्या चौपट आहे, तरीही तत्त्वाच्या बाजूने पाहिले तर मला म्युनिकचा मार्ग कमी आक्षेपार्ह वाटतो, कारण तेथे पैसा विद्यापीठाकडेच राहतो आणि शिष्यवृत्त्या व सवलतीही तेच देते. खिशाच्या बाजूने पाहायचे तर गोष्ट अर्थातच वेगळी आहे.

भाच्याला मी सांगितले की फीच्या आकड्याकडे बघण्याआधी प्रवेश मिळतो का ते बघ. येथे गुणांचा क्रम उलटा असतो: १ सर्वोत्तम आणि ४ म्हणजे जेमतेम उत्तीर्ण. आपले गुण त्यात बदलण्यासाठी बव्हेरियन सूत्र वापरतात. सर्वोच्च गुणांतून आपले गुण वजा करायचे, त्या फरकाला सर्वोच्च गुण आणि उत्तीर्ण होण्याचे किमान गुण यांच्यातील फरकाने भागायचे, तीनने गुणायचे आणि एक मिळवायचा. भाच्याचा सीजीपीए ७ आहे. उत्तीर्ण होण्याचे किमान गुण ४ धरले तर त्याचे उत्तर २.५ येते, आणि कितीतरी मास्टर्स अभ्यासक्रमांची अट नेमकी २.५ ची असते, म्हणजे तो काठावर का होईना पण आत बसतो. तेच किमान गुण कोणी ५ धरले तर उत्तर २.८ येते आणि अर्ज छाननीतच बाद होतो. गुणपत्रिका तीच, मुलगा तोच. म्हणून आपल्या विद्यापीठाकडून उत्तीर्णतेची किमान श्रेणी स्पष्ट नमूद केलेले पत्र मिळवणे हे काम स्टेटमेंट ऑफ पर्पजच्या, म्हणजे अर्जासोबतच्या हेतूपत्राच्या, दहाव्या मसुद्यापेक्षा महत्त्वाचे आहे, पण त्यासाठी परीक्षा विभागात खेटे घालावे लागतात, म्हणून ते शेवटपर्यंत राहते.

त्यानंतरचे खर्च फुकटवाल्या वाक्यात कधीच नसतात. भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून एपीएसचे प्रमाणपत्र, म्हणजे कागदपत्रे खरी असल्याचा दाखला, सक्तीचा झाला आणि त्याची फी १८,००० रुपये आहे. ज्या विद्यापीठांचे अर्ज युनी-असिस्ट या अर्ज तपासणाऱ्या संस्थेमार्फत जातात तेथे पहिल्या अर्जाला ७५ आणि पुढच्या प्रत्येकाला ३० युरो पडतात. मग व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंट, म्हणजे गोठवलेले बँक खाते. सप्टेंबर २०२४ पासून त्यात वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, म्हणजे सुमारे बारा लाख रुपये. तेथे पोहोचल्यावर त्यातून महिन्याला ९९२ युरो हातात येतात. हा पैसा आपलाच असतो आणि आपल्यावरच खर्च होतो, त्यामुळे त्याला फी म्हणता येत नाही, परंतु मध्यमवर्गीय घराच्या दृष्टीने दार अडते ते येथेच. सत्राला दीड हजार युरोंवर रात्र-रात्र चर्चा करणारे पालक या बारा लाखांचे ऐकून एकदम गप्प होतात, हे मी पाहिलेले आहे. त्यात म्युनिक किंवा स्टुटगार्टमधले घरभाडे आणि महिन्याला दीडशे युरोंच्या आसपास जाणारा आरोग्य विमा धरला तर ९९२ युरो पुरवून पुरवून वापरावे लागतात. मार्च २०२४ पासून विद्यार्थ्यांना वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करण्याची परवानगी आहे, पण पहिल्या सत्रात त्या कमाईवर विसंबून कोणी हिशोब मांडू नये.

या गोंधळाचा फायदा कोण घेते, हेही सांगायला हवे. भाचा ज्या सल्लागाराकडे गेला होता त्याने दीड हजार युरोंचे नाव ऐकताच, "मग बर्लिनला करा की, तिथे प्रवेश नक्की, जर्मन भाषेचीही गरज नाही," असे म्हणून त्याच्यासमोर एका खासगी संस्थेचे गुळगुळीत पत्रक ठेवले. त्यातली फी वर्षाला दहा हजार युरोंच्या पुढे होती. सरकारी विद्यापीठे सहसा एजंटांना दलाली देत नाहीत, खासगी संस्था देतात, आणि एवढे कळले की समोरचा माणूस कोणते पत्रक आधी उघडतो याचा उलगडा होतो. संस्था सरकारी आहे की नुसती मान्यताप्राप्त खासगी, हे होखशूलकोम्पास या संकेतस्थळावर नाव घालून क्षणात पाहता येते. डाड (DAAD) या जर्मन शैक्षणिक विनिमय संस्थेच्या संकेतस्थळावर अभ्यासक्रमानुसार फीही दिलेली असते. दोन्ही ठिकाणी इंग्रजीतून माहिती मिळते आणि त्यासाठी कोणाला पैसे द्यावे लागत नाहीत.

माझे स्वतःचे मत असे की बाडेन-व्युर्टेंबर्गची फी अन्याय्य आहे, पण केवळ तिच्यामुळे कार्ल्सरुहे किंवा स्टुटगार्ट यादीतून काढणे हिशोबात बसत नाही. चार सत्रांचे ६००० युरो होतात. ज्याला वाहन-उद्योगात जायचे आहे त्याला याच परिसरात शिकताना कंपन्यांत काम करण्याची जी संधी मिळते, ती फी नसलेल्या लहान गावात मिळेलच असे नाही. उलट ज्याचा विषय असा आहे की त्यातले चांगले विभाग आखेन, ड्रेस्डेन किंवा ब्राउनश्वाइगला आहेत, त्याने येथे केवळ मामा राहतो म्हणून येऊ नये. भाच्याने आखेन आणि कार्ल्सरुहे या दोन्हीकडे अर्ज केले आहेत.

कार्ल्सरुहेचे पत्र आले तर एक गोष्ट त्याने आधीच लक्षात ठेवावी. फी सत्रागणिक लागते, अभ्यासक्रमागणिक नाही. भारतीय मुले बहुधा कंपनीत इंटर्नशिप करतात, प्रबंधही तेथेच लिहितात आणि चार सत्रांचे मास्टर्स पाच सत्रांपर्यंत जाते, तेव्हा आणखी १५०० युरो वाढतात. इंटर्नशिपच्या सत्रासाठी रजा मंजूर करून घेतली तर त्या सत्राची फी माफ होते, मात्र त्याचा अर्ज मुदतीपूर्वीच द्यावा लागतो. कंपनीचे पत्र ती मुदत उलटल्यावर आले तर एक एप्रिलला सुरू झालेल्या सत्राची फी भरलेली असते.