साहेबांच्या नावापलीकडची लॉ फर्म

पुण्यातील वकिलीच्या व्यवसायात गेल्या काही वर्षांत मार्केटिंगची चर्चा फार वाढली आहे. शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयातील बार रूममध्ये तरुण वकील ‘ब्रँडिंग’ आणि ‘रीच’ यांविषयी बोलताना दिसतात, आणि दरमहा ठरावीक रकमेत नवे अशील मिळवून देऊ, असे सांगणाऱ्या डिजिटल मार्केटिंग कंपन्यांचे प्रस्ताव लहानलहान लॉ फर्मपर्यंत पोहोचतात. माझ्या कार्यालयातही असे प्रस्ताव येतात. त्यांतील बहुतेक प्रस्ताव लिहिणाऱ्यांना वकिलांवर असलेली बंधने ठाऊक नसतात. लॉ फर्मची खरी अडचण कोठे आहे, याची तर त्यांना कल्पनाच नसते.

आधी बंधनांविषयी. अधिवक्ता अधिनियम, १९६१ खाली बार कौन्सिल ऑफ इंडियाने, म्हणजे वकिलांच्या नियामक संस्थेने, केलेल्या नियमांपैकी नियम ३६ प्रमाणे वकिलाने प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे काम मागू नये आणि जाहिरात करू नये. परिपत्रके, दलाल, आपल्या प्रकरणांच्या संदर्भात छापवून आणलेली छायाचित्रे, हे सारे त्यात निषिद्ध ठरवले आहे. कार्यालयाची पाटीही वाजवी आकाराची असावी आणि आपण अमुक प्रकारच्या कामातील विशेषज्ञ आहोत किंवा पूर्वी न्यायाधीश होतो, असे तिच्यावर लिहू नये, इतक्या तपशिलात हा नियम जातो. सर्वोच्च न्यायालयात या नियमाला आव्हान दिले गेल्यानंतर २००८ मध्ये त्यात थोडी सवलत मिळाली. वकिलाला संकेतस्थळावर नाव, पत्ता, दूरध्वनी, सनद (वकिलीचा परवाना) क्रमांक, शैक्षणिक पात्रता आणि कामाची क्षेत्रे देता येऊ लागली. त्यापुढची मोकळीक मात्र मिळालेली नाही. जुलै २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ऑनलाइन मंचांवरून वकिलांची सेवा विकण्याच्या प्रकाराविरुद्ध कठोर आदेश दिला आणि त्यापाठोपाठ बार कौन्सिलनेही कारवाईच्या सूचना काढल्या. अमेरिकेत १९७७ सालच्या बेट्स प्रकरणानंतर वकिलांना जाहिरातीची मुभा मिळाली आहे, त्यामुळे तिकडच्या पुस्तकांतील आणि व्हिडिओंतील सल्ले आपल्याकडे जसेच्या तसे वापरणे म्हणजे सनद धोक्यात घालणे आहे.

हा नियम कालबाह्य आहे, असे माझे अनेक सहकारी मानतात. पाटीविषयीचा त्यातील तपशील आजच्या काळाला धरून नाही, हे मलाही मान्य आहे. परंतु त्याच्या गाभ्याशी मी सहमत आहे. दंडाधिकारी न्यायालयाच्या दारात उभे राहून येणाऱ्या पक्षकारांवर झडप घालणाऱ्या मुंबईतील काही वकिलांचे प्रकरण १९७५ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आले होते, आणि तेव्हा न्यायालयाने या वर्तनाची अतिशय कडक शब्दांत निर्भर्त्सना केली. अटक झालेल्या मुलाचा बाप किंवा घराबाहेर काढलेली सून ज्या मनःस्थितीत वकील शोधते, त्या मनःस्थितीत माणूस चार वकिलांची तुलना करू शकत नाही. जो सर्वांत मोठ्याने बोलतो त्याच्यामागे तो जातो. ही झडप आता मोबाइलच्या पडद्यावरून घातली जावी, असे मला वाटत नाही.

पुण्यातील लॉ फर्मची खरी अडचण प्रसिद्धीची नसून वारशाची आहे. आपल्याकडच्या बहुतेक फर्म एका ज्येष्ठ वकिलाच्या नावावर उभ्या असतात. अशील ‘साहेबांकडे’ किंवा ‘मॅडमकडे’ येतो, फर्मकडे येत नाही. साहेबांनी चाळीस वर्षे दिवाणी न्यायालयात उलटतपासण्या घेतलेल्या असतात, त्यांनी तीन-तीन पिढ्यांचे वाटपाचे दावे चालवलेले असतात, आणि हा विश्वास पूर्णपणे त्यांच्या व्यक्तिमत्त्वाशी जोडलेला असतो. साहेब थकले की अशील फाइल परत मागायला येतात. ज्या ज्युनिअरने दहा वर्षे त्या फायली वाचल्या, मसुदे केले आणि प्रत्येक तारखेला हजेरी लावली, त्याचे नावही अशिलाला धड ठाऊक नसते. व्यक्तीवरचा विश्वास संस्थेवर उतरवणे हेच माझ्या मते लॉ फर्मचे ब्रँडिंग आहे, आणि ते करण्यास नियम ३६ कोठेही आड येत नाही.

याची सुरुवात वकीलपत्रापासून, म्हणजे अशील वकिलाला आपले प्रकरण चालवण्याचा अधिकार ज्या कागदाने देतो त्यापासून, होते. वकीलपत्रावर केवळ ज्येष्ठांचे नाव न घालता जे वकील प्रत्यक्ष काम पाहणार आहेत त्यांचीही नावे आणि सह्या असाव्यात, आणि पहिल्याच बैठकीत ज्येष्ठांनी ज्युनिअरची ओळख करून देताना ‘यांना तुमचे प्रकरण माझ्याइतकेच माहीत असेल’ असे अशिलाच्या समोर स्पष्ट म्हणावे. पुढे हे वाक्य खरे करून दाखवण्याची जबाबदारी ज्येष्ठांचीच असते. अशिलाने थेट साहेबांना फोन केला, तर साहेबांनी त्या विषयाचे उत्तर स्वतः न देता त्याच वकिलाकडे जोडून द्यावे. बहुतेक ज्येष्ठांना हे जड जाते, कारण अशिलाचा फोन येणे हा त्यांच्या लेखी मानाचा भाग असतो. तरीही ही सवय लागल्याशिवाय फर्म उभी राहत नाही, यावर मी ठाम आहे.

दुसरी गोष्ट तारखेनंतरच्या कळवण्याची. आज कोणताही पक्षकार आपल्या प्रकरणाला मिळालेला सोळा अक्षरांकी सीएनआर क्रमांक टाकून न्यायालयांच्या ई-कोर्ट्स ॲपवर पुढची तारीख विनामूल्य पाहू शकतो. म्हणून ‘पुढची तारीख अमुक’ एवढाच निरोप पाठवण्याला आता काही अर्थ उरलेला नाही. आज काय झाले, का झाले, समोरच्या पक्षाने मुदत कशासाठी मागितली आणि पुढच्या तारखेपूर्वी अशिलाने कोणती कागदपत्रे आणावीत, हे पाच-सहा ओळींत त्याच दिवशी संध्याकाळी कळवणे ही आमच्या कार्यालयाची शिस्त आहे. कोथरूडमध्ये राहणाऱ्या आईवडिलांचा दावा आणि परदेशात असलेली मुले, असे कितीतरी अशील पुण्यात आहेत. त्या मुलांना फर्मची ओळख होते ती या पाच-सहा ओळींतूनच. त्या ओळी लिहिणाऱ्या वकिलाचे नाव खाली असते, आणि त्या नावावर हळूहळू विश्वास बसतो.

फीविषयी थोडक्यात सांगते. निकालावर अवलंबून असलेली फी ठरवण्यास बार कौन्सिलचे नियम मनाई करतात, आणि वकील नसलेल्या व्यक्तीबरोबर मोबदल्याची वाटणी करण्यासही मनाई आहे. त्यामुळे काम आणून देणाऱ्या एजंटाला टक्केवारी देणे हा मार्ग बंदच आहे. टप्प्याटप्प्याची फी आणि खर्च सुरुवातीलाच मराठीत लिहून देणाऱ्या फर्मविषयी लोक आपणहून चांगले बोलतात.

लेखनाचे काम सर्वांत अधिक दुर्लक्षित आहे. सहकारनगर, एरंडवणे, कोथरूड येथील जुन्या सोसायट्या पुनर्विकासाच्या उंबरठ्यावर आहेत आणि त्यांच्या समित्यांवरील निवृत्त मंडळींना मानीव अभिहस्तांतरणाचा (बिल्डरने करून न दिलेली जमिनीची मालकी सोसायटीच्या नावे करून घेण्याचा) अर्ज जिल्हा उपनिबंधकांकडे करायचा असतो, हेसुद्धा अनेकदा ठाऊक नसते. भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असणे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ५५ नुसार बंधनकारक आहे. मृत्युपत्राची नोंदणी मात्र ऐच्छिक आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली, तेव्हा पोलीस ठाण्यातून मिळालेल्या कागदावरील नवी कलमे वाचून घरोघरी लोक गोंधळले. अशा विषयांवर कोणत्याही प्रकरणाचा उल्लेख न करता, ‘आमच्याशी संपर्क साधा’ असे न म्हणता, स्वच्छ मराठीत लिहिणे हे मी वकिलाचे सार्वजनिक कर्तव्य समजते. लेखाखाली तो लिहिणाऱ्या ज्युनिअरचेच नाव द्यावे. ज्येष्ठाने फक्त तपासावा.

अशिलांकडून ऑनलाइन अभिप्राय आणि तारे मागण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे. घटस्फोट किंवा फौजदारी प्रकरणातील माणसाने आपल्या वकिलाची जाहीर स्तुती करणे म्हणजे स्वतःचे प्रकरण स्वतःच चव्हाट्यावर आणणे होय, आणि आपल्या सोयीसाठी त्याला तसे करायला लावणे वकिलाला शोभत नाही.

पाटीवरच्या नावाचा निर्णय ज्येष्ठ कार्यरत असतानाच व्हावा. भागीदारी करारात नव्या भागीदारांचे स्थान, ज्येष्ठ निवृत्त झाल्यावर त्यांचे आडनाव वापरण्याचा हक्क आणि चालू प्रकरणांच्या फीची वाटणी हे सारे लिहून ठेवावे, आणि पुढच्या पिढीतील मुलगा किंवा मुलगी वकील असल्यास त्यांनाही इतर भागीदारांच्याच कसोटीवर घ्यावे. आमच्या फर्मच्या करारात ही कलमे आहेत आणि ती घालताना झालेली चर्चा सोपी नव्हती. परंतु त्यानंतर आमच्याकडील दोन तरुण वकिलांनी बाहेर पडून स्वतःचे कार्यालय थाटण्याचा विचार सोडला आणि जुन्या अशिलांच्या बैठका आता ते स्वतंत्रपणे घेतात.